वाढलेले एफएसएच आणि उशिराचे मातृत्व

आपल्या संस्थेच्या वार्षिक अहवालात दरवर्षी एखाद्या विभागाच्या कामाविषयी विस्ताराने लिहिण्याची प्रथा आहे. हिशेबाच्या पानांवरून पैसा कोठे खर्च झाला हे देणगीदारांना कळते. तो कशासाठी खर्च झाला हे कळावे, एवढाच अशा लेखाचा हेतू असतो. यंदा स्त्रीरोग विभागाच्या वतीने लिहिताना आम्ही वंध्यत्व बाह्यरुग्ण कक्षातील एकच विषय निवडला आहे. पस्तिशी उलटल्यावर मूल व्हावे म्हणून येणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्या हातातील रक्ततपासणीच्या कागदावर 'एफएसएच' या नावापुढे छापलेला एक आकडा, हा तो विषय होय.

विषय निवडण्यास दोन कारणे घडली. मागील वार्षिक सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी विचारले होते की, आपले रुग्णालय टेस्ट ट्यूब बेबी केंद्र का काढत नाही. त्यासाठी लागणाऱ्या रकमेतील मोठा वाटा उचलण्याची तयारीही त्यांनी दाखवली होती. त्यांना त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. दुसरे कारण म्हणजे गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या एक शिक्षिका. त्यांची ओळख कळू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.

बाईंचे वय ४१. धाकट्या भावंडांची शिक्षणे, वडिलांचे आजारपण, पुढे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढलेली वर्षे, यांत लग्नाला ३७ वे वर्ष उजाडले. सोबत सासूबाई आल्या होत्या. पती आले नव्हते. कापडी पिशवीतून निघालेल्या जाडजूड फाइलमध्ये तीन वर्षांचे कागद होते. त्यात एफएसएच १७.८ हा आकडा कोणीतरी तांबड्या शाईने दोनदा अधोरेखित केला होता. बाईंनी पहिलेच वाक्य उच्चारले ते असे : "डॉक्टर, हा आकडा खाली आणायचं औषध द्या. आधीच्या ठिकाणी दिलं होतं तेव्हा आला होता की खाली." सासूबाईंनी त्याला जोड दिली : "हिच्यातच दोष आहे, असं तिथे सांगितलं."

या दोन वाक्यांत जे गैरसमज आहेत ते आमच्या कक्षात आठवड्यातून अनेकदा ऐकू येतात. ते दूर करायचे तर या आकड्याचा अर्थ मुळापासून सांगितला पाहिजे.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांपैकी एक एफएसएच. मराठीत त्याला पुटक-उद्दीपक संप्रेरक म्हणतात. स्त्रीच्या दोन्ही बीजांडकोशांत स्त्रीबीजे असतात आणि प्रत्येक बीज एका सूक्ष्म पिशवीत, म्हणजे पुटकात, वसलेले असते. पाळीच्या सुरुवातीला पीयूषिका एफएसएच सोडते आणि त्या महिन्यात तयार असलेल्या पुटकांना वाढीला लावते. वाढू लागलेली पुटके इस्ट्रोजेन व इन्हिबिन ही संप्रेरके रक्तात सोडतात. पीयूषिकेला तो निरोप पोचला की ती आपला स्राव आवरता घेते. पुढे त्यांतले एक पुटक पूर्ण पिकते व बीज बाहेर पडते.

घरात माणसे पुष्कळ असली की अंगणातून दिलेली एक हाक पुरते. घरात एकच कोणी असेल, तेही आतल्या खोलीत, तर हाक मोठी होत जाते. पुटके कमी झाली की त्यांच्याकडून जाणारा निरोप क्षीण होतो आणि पीयूषिका आवाज चढवते. रक्तात मोजलेले वाढीव एफएसएच म्हणजे हा चढलेला आवाज. तो आजार नव्हे. आवाज का चढला, याचे कारण बीजांडकोशात आहे.

यावरून शिक्षिकाबाईंच्या पहिल्या वाक्याचा उलगडा होतो. त्यांना दिलेल्या गोळ्यांत इस्ट्रोजेन होते. बाहेरून इस्ट्रोजेन दिले की पीयूषिकेला वाटते, उत्तर आले. ती गप्प बसते आणि आकडा उतरतो. पाळी नियमित करण्याच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या कोणत्याही स्त्रीचे एफएसएच असेच कमी दिसते. बीजांडकोशातील एकही बीज त्यामुळे वाढत नाही. बाईंच्या फाइलीत १७.८ नंतर ६.२ असा आकडा होता आणि त्याखाली 'सुधारणा' असे लिहिले होते. सुधारणा कागदाची झाली होती. मधले चार महिने मात्र त्यांच्या वयातून गेले.

या संप्रेरकाचा इतिहासही येथे सांगण्याजोगा आहे. रजोनिवृत्तीनंतर बीजांडकोश उत्तर देईनासे होतात, त्यामुळे एफएसएच इतके वाढते की ते मूत्रात भरपूर उतरते. इटलीतील रसायनशास्त्रज्ञ पिएरो डोनिनी यांनी १९४९ च्या सुमारास अशाच मूत्रातून ते वेगळे केले. पुढे औषध बनवण्यास मूत्र फार मोठ्या प्रमाणावर लागू लागले, तेव्हा इटलीतील ख्रिस्ती मठांतल्या वयस्क ननकडून ते गोळा करण्यात आले. ब्रुनो लुनेनफेल्ड यांनी इस्रायलमध्ये केलेल्या उपचारांतून १९६२ साली या औषधाने पहिले मूल जन्माला आले. ज्या स्त्रियांनी स्वतः मातृत्वाचा त्याग केला होता त्यांच्यामुळे इतरांच्या घरी पाळणे हलले, हा योग विलक्षणच. पण आमच्या विषयाला लागू पडणारी गोष्ट वेगळी आहे. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात आज जी महागडी इंजेक्शने देतात, ती मुख्यतः एफएसएचचीच असतात. आता ती प्रयोगशाळेत तयार होतात एवढाच फरक. जिचे स्वतःचे शरीर आधीच मोठ्याने हाका मारत आहे, तिला बाहेरून आणखी हाक मारून मिळणारे उत्तर मर्यादितच असणार. मात्रा दुप्पट केली म्हणून बीजे दुप्पट होत नाहीत.

बीजे संपतात कशी, हा पुढचा प्रश्न. पुरुषात शुक्राणू आयुष्यभर तयार होत राहतात. स्त्रीचे तसे नाही. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असताना तिच्या बीजांडकोशांत ६० ते ७० लाख बीजे असतात. जन्माच्या वेळी ती १० ते २० लाखांवर येतात, पाळी सुरू होते तेव्हा ३ ते ४ लाख उरतात आणि रजोनिवृत्तीच्या वेळी हजाराच्या आसपास. संपूर्ण आयुष्यात पिकून बाहेर पडतात ती चारपाचशेच. बाकीची सर्व जागच्या जागी जिरून जातात. गोळ्या घेतल्याने, बाळंतपणे झाल्याने किंवा पाळी लांबल्याने ती गळती थांबत नाही. भारतीय स्त्रीची रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी होते; युरोप-अमेरिकेत ती ५१ च्या सुमारास होते. गर्भधारणेची क्षमता त्याआधी सुमारे दहा वर्षे उतरणीला लागलेली असते. पाळी अजून नियमित येते म्हणून सर्व ठीक आहे, ही समजूत म्हणूनच फसवी ठरते. सुशिक्षित घरांतही ती आम्हाला तितकीच आढळते.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की, एफएसएच वाढले म्हणजे सारे संपले. तसे नाही. आमच्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. शेतकऱ्याच्या कणगीत बियाणे किती उरले हा एक प्रश्न आणि उरलेले बियाणे किती जुने हा दुसरा. एफएसएच पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. दुसऱ्याचे उत्तर स्त्रीच्या वयात असते. बीज जितक्या वर्षांचे, तितकी त्यातील गुणसूत्रांची वाटणी चुकण्याची शक्यता अधिक. गर्भ न राहणे किंवा राहून पडणे यांस चाळिशीनंतर मुख्यतः हेच कारण असते. एफएसएच १५ असलेली ३१ वर्षांची स्त्री आणि एफएसएच ७ असलेली ४३ वर्षांची स्त्री समोर असतील, तर कागदावर दुसरीचा आकडा चांगला दिसतो. पण पहिलीकडे बीजे थोडी असली तरी ती तरुण आहेत, आणि मूल होण्यास एकच बीज लागते. तिला आम्ही वेळ न दवडता प्रयत्न करण्यास सांगतो. दुसरीला तिच्या चांगल्या आकड्याने निर्धास्त होऊ नका, असे सांगावे लागते.

याला आधार आहे. अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या ७५० स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांचे एफएसएच वाढलेले होते किंवा एएमएच कमी होते, त्यांना वर्षभराच्या प्रयत्नांत नैसर्गिकरीत्या गर्भ राहण्याची शक्यता इतरांहून कमी आढळली नाही. या स्त्रियांनी नुकतेच प्रयत्न सुरू केलेले होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. वर्षानुवर्षे प्रयत्न करूनही दिवस न गेलेल्यांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तरीही त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. हा आकडा म्हणजे स्त्रीच्या मातृत्वाची परीक्षा नव्हे. उपचार करायचे ठरले तर इंजेक्शनांना बीजांडकोश कितपत साथ देतील, एवढाच अंदाज त्याने बांधावा.

अलीकडे लग्न ठरण्यापूर्वी मुलीची एएमएच तपासणी करून द्या, अशी विचारणा घेऊन काही पालक येऊ लागले आहेत. आम्ही ती करून देत नाही. त्या तपासणीतून मूल होईल की नाही हे कळत नाही. एका मुलीच्या कपाळी कायमची चिठ्ठी मात्र लागते.

तपासणीविषयी थोडे तांत्रिक सांगणे आवश्यक आहे, कारण चुकीच्या दिवशी दिलेल्या रक्तावर बांधलेले निदान आम्हाला पदोपदी दिसते. एफएसएच पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी तपासावे आणि त्याच नमुन्यात इस्ट्राडायॉलही पाहावे. इस्ट्राडायॉल वाढलेले असेल तर एफएसएच खोटेच कमी दिसते. आधीच्या महिन्यात संप्रेरकांच्या गोळ्या घेतलेल्या असतील तर तसे सांगावे. १० पर्यंतचा आकडा सामान्यतः ठीक समजतात. १० ते १५ या टप्प्यात सावध व्हावे. त्यापुढे इंजेक्शनांना मिळणारा प्रतिसाद उणावत जातो. महिन्यागणिक आकडा खालीवर होतो. परंतु एका महिन्यात तो उतरला म्हणून बीजांडकोश तरुण झाले असे नाही, आणि आकडा उतरण्याची वाट पाहत उपचार लांबवणे तर सर्वस्वी चुकीचे. एएमएच कोणत्याही दिवशी तपासता येते. योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीत पाळीच्या सुरुवातीला दिसणारी लहान पुटके मोजणे हा तिसरा मार्ग. दोन्ही बीजांडकोशांत मिळून पाच-सातहून कमी पुटके दिसली तर साठा घटला आहे असे समजतात. शिक्षिकाबाईंची तीन दिसली.

साठा वयाच्या मानाने लवकर का घटला, याचे कारण पुष्कळदा सापडतच नाही. तरी विचारावे लागते. बीजांडकोशावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का? एंडोमेट्रिओसिसच्या गाठी काढताना निरोगी भागही थोडाफार जातो. कर्करोगासाठी औषधे वा किरणोपचार घेतले आहेत का? थायरॉइडचा विकार, आई किंवा मावशीची पाळी लवकर जाणे, गुणसूत्रांतील दोष यांचाही शोध घ्यावा लागतो. आपल्याकडे जननमार्गाचा क्षयरोग विसरून चालत नाही. तो गर्भनलिका आणि गर्भाशयाचे अस्तर दोन्ही बिघडवतो. तंबाखूच्या धुराने रजोनिवृत्ती एक-दोन वर्षे अलीकडे येते, हे सिद्ध झाले आहे. आमच्या भागातील बाया धूम्रपान करीत नाहीत, पण मिसरी लावतात; मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती सोडा, असे आम्ही प्रत्येकीला बजावतो. दहांपैकी दोघी ऐकत असतील, नसतील.

चाळिशीपूर्वीच पाळी चार महिने वा अधिक थांबली आणि एफएसएच २५ च्या वर गेले, तर त्यास बीजांडकोशांची अकाली अकार्यक्षमता म्हणतात. पूर्वी हे शंभर स्त्रियांत एकीला होते असे मानीत. अलीकडच्या आढाव्यांत हे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास आले आहे. यांतही शंभरात पाचेक जणींना पुढे आपोआप दिवस जातात, कारण बीजांडकोश मधूनच जागे होतात. मुलाच्या चिंतेत या स्त्रियांच्या प्रकृतीकडे दुर्लक्ष होते, म्हणून मुद्दाम नोंदवतो : इस्ट्रोजेनच्या अभावी त्यांची हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके पुरवणे हा त्यांच्यासाठी आवश्यक उपचार आहे, मूल हवे असो वा नसो.

आता सासूबाईंच्या वाक्याकडे वळू. तीन वर्षांच्या त्या जाड फाइलीत पतीची वीर्यतपासणी एकदाही झालेली नव्हती. ही तपासणी स्वस्त आहे, तिला सुई लागत नाही. मूल न होण्यात साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. आम्ही निरोप धाडून त्यांना बोलावून घेतले. गृहस्थ भले होते. आपल्याला कोणी बोलावलेच नाही, असे म्हणाले, आणि ते खरेच होते. शुक्राणूंची संख्या बेताचीच निघाली. म्हणजे तीन वर्षे एका आकड्याभोवती फिरण्यात गेली आणि निम्मा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

पस्तिशीच्या आत वर्षभर प्रयत्न करून पाहावेत, पस्तिशीनंतर सहा महिन्यांत तपासणीस यावे, चाळिशीनंतर थांबूच नये, हा सर्वमान्य संकेत आहे. शिक्षिकाबाई ३७ व्या वर्षी सहा महिन्यांनी योग्य ठिकाणी पोचल्या असत्या, तर त्यांच्यापुढील पर्याय निश्चितच अधिक असते.

बीजे वाढवणारे औषध आहे का, असे प्रत्येक जोडपे विचारते. नाही. नवे बीज निर्माण करणारे औषध आज जगात कोठेही उपलब्ध नाही. डीएचईए, कोएन्झाइम क्यू-१०, ग्रोथ हार्मोन यांच्याविषयी पुष्कळ बोलले जाते. त्यांचा निर्णायक उपयोग सिद्ध झालेला नाही. रक्तातील प्लेटलेट वेगळ्या काढून बीजांडकोशात टोचण्याचा पीआरपी हा प्रकार तर अजून प्रायोगिक अवस्थेतच आहे, तरी तो 'बीजांडकोशाला नवजीवन' अशा नावाने विकला जातो. असे उपचार घेण्यासाठी जोडप्यांनी जनावरे विकल्याची, दागिने गहाण टाकल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. आशेवर पैसे घेण्याचा हा व्यवहार आम्हाला मान्य नाही, एवढेच येथे म्हणतो.

स्वतःच्या बीजाने टेस्ट ट्यूब बेबीचा प्रयत्न करता येतो. तो निष्फळच ठरतो असे नाही, पण यशाचा हिशेब वयाशी बांधलेला आहे. ब्रिटनमध्ये या क्षेत्रावर देखरेख ठेवणारी शासकीय संस्था दरवर्षी आकडे प्रसिद्ध करते. स्त्रीचे वय पस्तिशीच्या आत असेल तर गर्भाशयात सोडलेल्या दर तीन भ्रूणांमागे साधारण एक मूल जन्मते. ४३-४४ व्या वर्षी वीस भ्रूणांमागे एक. बीजांचा साठा घटलेला असेल तर मुळात भ्रूणच थोडे तयार होतात. शिवाय डाउन सिंड्रोमची शक्यता विशीत सुमारे १,२०० ते १,५०० बाळांत एक असते, ती पस्तिशीत साडेतीनशेत एक व चाळिशीत शंभरात एक होते. गरोदरपणातील रक्तदाब आणि मधुमेहही वयाबरोबर वाढतात. हे आकडे भीती घालण्यासाठी सांगत नाही. जोडप्याने पैसा आणि मन घालण्यापूर्वी ते ऐकलेले असावेत, इतकेच.

दुसऱ्या तरुण स्त्रीने दान केलेले बीज वापरणे हा यशाच्या दृष्टीने सर्वांत खात्रीचा मार्ग. कारण गर्भाशय बीजाइतके लवकर म्हातारे होत नाही. या मार्गाचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम या महापालिकेच्या रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. (कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ सालीच हे साधले होते. त्यांच्या हयातीत ते मानले गेले नाही. पुढे त्यांचे श्रेय त्यांना मिळवून देण्यात स्वतः आनंद कुमारच अग्रेसर होते, हे त्यांच्या मनाचे मोठेपण.) बीजदानातून मूल होण्याची देशातील पहिली घटनाही डॉ. हिंदुजा यांच्याच उपचारांतून १९९१ साली घडली.

याविषयी आता कायदा आहे. साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाचे नियमन करणारा अधिनियम २०२१ साली संमत होऊन जानेवारी २०२२ पासून अमलात आला. हे उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ यांच्या दरम्यान असावे लागते. बीज देणारी स्त्री २३ ते ३५ वर्षांची हवी. तिने आयुष्यात एकदाच बीजदान करावे, आणि त्या वेळी सातांहून अधिक बीजे काढू नयेत. तिचा विमा उतरवणे बंधनकारक आहे. बीजाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. जन्मलेले मूल कायद्याने त्या दांपत्याचेच असते. कायद्यातील दात्या स्त्रीविषयीच्या या तरतुदी आम्हाला विशेष मोलाच्या वाटतात. पूर्वी काही ठिकाणी गरजू मुलींकडून वारंवार बीजे घेतली जात. एका घरी पाळणा हलावा म्हणून दुसऱ्या घरच्या मुलीने प्रकृती पणाला लावावी, हे योग्य नव्हते.

हा पर्याय सांगताना खोलीत शांतता पसरते. "मग ते माझं कसं?" असे स्त्री विचारते, पती खाली पाहतात. या प्रश्नाला आम्ही उत्तर देत नाही. नऊ महिने पोटात वाढवलेले मूल आपले वाटते असे अनेकींनी सांगितले आहे, काहींच्या मनाने ते कधीच घेतले नाही, आणि दोन्ही खरे आहे. सासरी सांगायचे की नाही, मुलाला पुढे सांगायचे की नाही, हे आधी बोलून घ्या, इतके मात्र सुचवतो. त्यासाठी समुपदेशक तासभर देतात. दोघांपैकी एकाचाही होकार नुसता मान हलवून आलेला असेल, तर आम्ही चिठ्ठी लिहीत नाही.

शिक्षिकाबाईंनी स्वतःच्या बीजाने एकदा प्रयत्न करायचे ठरवले. शक्यता किती कमी आहे हे त्यांना ठाऊक होते. एकदा केल्याखेरीज मन मानणार नाही, असे त्या म्हणाल्या, आणि आम्हाला ते पटले. आम्ही त्यांना शहरातील नोंदणीकृत केंद्राकडे पाठवले. दोन बीजे मिळाली, एक भ्रूण झाला, गर्भ राहिला नाही. बीजदानास त्यांनी विचारपूर्वक नकार दिला. नंतर दोघे दत्तकाच्या चौकशीसाठी आले, आणि तेथे आमची चूक आमच्यासमोर आली.

दत्तकासंबंधी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या २०२२ च्या नियमांनुसार दोन वर्षांपर्यंतचे बाळ हवे असेल तर नोंदणीच्या दिवशी पती-पत्नींच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा अधिक असता कामा नये. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ती मर्यादा ९० आहे. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या ४१ वर्षांच्या आणि पती ४३ वर्षांचे होते; बेरीज ८४. दत्तकाची चौकशी करण्यास आले तोवर दोघांचेही वाढदिवस होऊन गेले होते, बेरीज ८६. पहिल्या भेटीत आम्ही दत्तकाचा उल्लेख केला नव्हता. उपचारासाठी आलेल्या माणसांपुढे पहिल्याच दिवशी तो विषय काढणे म्हणजे आशा खुडणे, असे आम्हाला वाटे. नोंदणी करून ठेवली म्हणून उपचार सोडावे लागत नाहीत, एवढे जरी त्या दिवशी सांगितले असते तरी पुरे होते. "एफएसएचचा आकडा तुम्ही समजावून सांगितलात," बाई शांतपणे म्हणाल्या, "हा राहिला."

त्यांनी दोन ते चार वर्षांच्या बालकासाठी नोंदणी केली आहे. प्रतीक्षायादी मोठी असून त्या वाट पाहत आहेत. त्यानंतर आमच्या कक्षात पहिल्या भेटीच्या कागदावर एक रकाना वाढवला आहे. त्यात पती-पत्नींच्या वयांची बेरीज लिहिली जाते, आणि ८२ च्या पुढे असेल तर दत्तकाची माहिती त्याच दिवशी दिली जाते.

सभेत विचारल्या गेलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. टेस्ट ट्यूब बेबी केंद्र काढायचे तर स्वतंत्र प्रयोगशाळा, भ्रूणतज्ज्ञ, वेगळी नोंदणी आणि ते चालते ठेवण्यापुरते सततचे रुग्ण लागतात. एकदा यंत्रे आली की ती रिकामी राहू नयेत असा दबाव येतो, आणि ज्या स्त्रीला 'आता थांबा' असे सांगायला हवे तिला 'आणखी एकदा पाहू' असे सांगितले जाते. आमच्याकडील जोडप्यांचे नुकसान प्रयोगशाळेच्या अभावी झालेले फारसे दिसत नाही. ते त्याआधीच, चुकीच्या दिवशीच्या तपासण्यांत आणि न सांगितलेल्या गोष्टींत झालेले असते. म्हणून देणगीदार महोदयांच्या संमतीने त्यांच्या देणगीतून एफएसएच, इस्ट्राडायॉल व एएमएच या तपासण्यांचा सवलत निधी उभारला आहे. पुरुषांसाठी वीर्यतपासणी विनामूल्य केली असून, समुपदेशकांची बैठक आठवड्यातून एका सायंकाळऐवजी तीन सायंकाळी होऊ लागली आहे. नोकरी-मजुरी बुडवून पती सकाळी येऊ शकत नाहीत, हे सायंकाळचे मुख्य कारण.

तपासणीस येणाऱ्यांसाठी सूचना : पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सकाळी यावे. आधीच्या दोन महिन्यांत घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे, रिकामी असली तरी, सोबत आणावीत. जुने सर्व कागद आणावेत. पतीने पहिल्याच भेटीला सोबत यावे. ते आले नसतील तर तपासणी होईल, परंतु पुढील तारीख दोघांना मिळूनच दिली जाईल.